मशीन खोटं बोलत नाही

३ एप्रिल, गुरुवार. सकाळी ९.४०
ही डायरी पशुखाद्यवाल्यांनी फुकट दिलेली. प्रत्येक पानाच्या तळाला गाभण गाईचा फोटो. शी. पण कागद जाड आहे, म्हणून आजपासून रोज लिहिणार. जे खरं तेच लिहिणार. बावीस वर्षं महाळुंग्याच्या डेअरीत दूध मोजतेय, खोटा आकडा लिहायची मला सवयच नाही.

आजचा वैताग: साळुबाई. सकाळच्या दुधाला वीसेक माणसं रांगेत. वर पत्रा, शेजारी दूध थंड करायच्या टाकीचं कॉम्प्रेसर, ते सगळी गरम हवा माझ्याच अंगावर फेकतं. साडेसहाला मानेपासून टाळूपर्यंत एकदम भडका उठला. ब्लाउज पाठीला चिकटला. (कारण: पत्रा.) साळुबाई किटली घेऊन पुढंच उभी. सतरा वर्षं दूध घालते, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी आहे, म्हणून काहीही बोलायचं का? चार माणसांत म्हणाली, "वृषाली, तुझी बी जायला आली वाटतं गं."

पाळी म्हणायचं होतं तिला. पण मागं गेणभाऊ. त्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी ओरडून विचारलं, कोण जायला आलंय, कुठं जायला आलंय?

मशीन धुतलं, पदरानं तोंड पुसलं, साळुबाईचं सॅम्पल लावलं. फॅट २.९. पाणी ११ टक्के. अकरा! मी आकडा मोठ्यानं वाचला. ती म्हणाली परत लाव. मी भिंतीवरची पाटी दाखवली. पाच नियम, लाल रंगात, माझ्याच अक्षरात. पाचवा: मशीन खोटं बोलत नाही, वाद घालू नये. दूध परत केलं. ती किटली उचलून निघून गेली. पाणी घालणाऱ्या माणसाचा मला मनापासून तिटकारा आहे.

४ एप्रिल, शुक्रवार
तीन जणांनी विचारलं, ताई बदली कुठं झाली. चौथ्यानं विचारलं नवीन बाई कोण येणार. हे सगळं गेणभाऊंच्या कानांमुळं. एकाला नीट सांगायला गेले तर सांगायचं तरी काय? आता निरोप समारंभाचं बोलतायत.

संकल्प: १) चिडायचं नाही. २) नायलॉनच्या साड्या बंद. ३) चहा एकच.

संध्याकाळी रामनाथ म्हणाले, एकदा डॉक्टरला दाखवू या. नवरा म्हणून काळजी, असं त्यांचं म्हणणं. मी चिडले नाही. फक्त तवा जरा जोरात खाली ठेवला. त्याचा कान तुटला, तो आधीपासूनच हलत होता.

तिसरा चहा घेतला. उद्यापासून एकच.

७ एप्रिल, सोमवार
घोडेगावला दवाखान्यात. डॉक्टर प्रांजल मॅडम. वय तीस असेल नसेल. हिला काय कळणार.

तिनं विचारलं, पाळी वेळेवर येते का, घाम येतो का, झोप लागते का, चिडचिड होते का. मी म्हटलं सगळं व्यवस्थित आहे. त्यावर रामनाथ बोलायला लागले. डिसेंबरात आली, मग फेब्रुवारीत, पहाटे तीनला ही उठून माठाला गाल लावून बसते, परवा तवा फोडला. बोलतच सुटले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, हा माणूस माझ्याशी दिवसाला दहा वाक्यं बोलत नाही. परक्या बाईसमोर तोंड उघडलं ते मिटेना.

मॅडम म्हणाल्या, पाळी कायमची थांबायच्या आधी काही वर्षं असं होतं, त्याला पेरिमेनोपॉझ म्हणतात. कागदावर फक्त हिमोग्लोबिन आणि थायरॉइड लिहिलं. मी विचारलं, हार्मोनची टेस्ट? म्हणाल्या, सत्तेचाळिसाव्या वर्षी ती लागत नाही, तुमच्या सांगण्यावरूनच कळतंय.

सांगण्यावरून! सॅम्पल न लावता भाव ठरवणारी डेअरी मी अजून पाहिली नाही. खाली लॅबमध्ये जाऊन मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, हार्मोनचं सगळं पॅकेज लावा. रामनाथ बाहेर उसाचा रस पीत होते.

९ एप्रिल, बुधवार
रिपोर्ट मोबाईलवर आला. हिमोग्लोबिन १०.१, थायरॉइड बरोबर. ते जाऊ दे. महत्त्वाचं खाली. एफएसएच, म्हणजे पाळीचं हार्मोन, ३१.४.

आता ३१.४ चांगलं की वाईट? आमच्याकडं एक आकडा, एक भाव, विषय संपला. इथं एका आकड्यासमोर चार ओळी. फॉलिक्युलर, मिडसायकल, ल्युटियल, पोस्टमेनोपॉझल. प्रत्येकीची हद्द वेगळी. मी कोणत्या ओळीतली हे कुठंच लिहिलेलं नाही. माणसानं आपली ओळ आपण शोधायची? हा काय रिपोर्ट झाला? माझा आकडा बसतो फक्त शेवटच्या ओळीत. पोस्ट. म्हणजे उरकलं. म्हणजे साळुबाई म्हणाली तेच.

लॅबला फोन लावला. सॅम्पल उन्हात राहिलं होतं का? नाही, बर्फाच्या डब्यात होतं. नळी दुसऱ्या कोणाची? नाही, नाव लिहिलेलं होतं. वीस मिनिटं हुज्जत घातली. शेवटी तो माणूस म्हणाला, मॅडम, मशीन चुकत नसतं.

काय उर्मट माणूस. फोन ठेवून दिला.

१५ एप्रिल, मंगळवार
मशीनची नळी आणायची म्हणून रामनाथना सांगितलं आणि एसटीनं आळेफाट्याला गेले. दुसरी लॅब. ट्रकांचा धूर, गॅरेजचं ऑइल, वडापावचं जळकं तेल, सगळं नाकात. वास आजकाल फार येतात मला. लोक अंघोळी करत नाहीत हे कारण.

रक्त दिलं. नळी आणायची विसरले. (नळीची तशी गरज नव्हतीच.)

१६ एप्रिल, बुधवार
एफएसएच ७.२!!

पहिली ओळ. अगदी मधोमध. मला काहीही झालेलं नाही हे आज सिद्ध झालं. अर्धा किलो पेढे आणले. रामनाथ म्हणाले कशाचे? मी म्हटलं, आकड्याचे. डेअरीत वाटले तर गेणभाऊंनी पेढा घेऊन विचारलं, म्हणजे जायचं नक्की झालं तर.

संध्याकाळी परत भडका. पेढ्यातला खवा गरम पडतो.

१७ एप्रिल, गुरुवार
रात्रभर विचार केला. (जागीच होते, विचार करायचा म्हणून.) फक्त सोयीचा आकडा धरणं माझ्या तत्त्वात बसत नाही. सकाळचं आणि संध्याकाळचं फॅट वेगळं आलं तर आपण काय करतो? सरासरी. ३१.४ अधिक ७.२ भागिले दोन. १९.३.

१९.३ ला बसते दुसरी ओळ. मिडसायकल. मोबाईलवर वाचलं, ही ओळ म्हणजे बीज बाहेर पडायचा दिवस, मूल राहायला सगळ्यात उत्तम वेळ. जेवताना रामनाथना सांगितलं. त्यांना ठसका लागला. पाणी प्यायले, गोधडी उचलली आणि झोपायला गच्चीवर गेले. गरमी मला होते आणि वारा खायला हे.

२२ एप्रिल, मंगळवार
साळुबाई एकोणीस दिवस आलेली नाही. ओढ्यापलीकडच्या डेअरीला दूध घालते म्हणे. डोक्यावर किटली, अर्धा तास चालायचं, तेही या उन्हात. तिचा हट्ट. मला तिची आठवण येत नाही. तिनं दिलेलं लोणचं संपलंय, तेवढं लक्षात आलं.

पूर्वी दूध घालून झालं की ती टाकीच्या कट्ट्यावर टेकायची आणि आम्ही पाच मिनिटं बोलायचो. आता तिथं रिकामे कॅन ठेवते. जागा वाया जात नाही.

२७ एप्रिल, रविवार
गेणभाऊंच्या नातवाची हळद. शंभर बायका, एक पंखा, मेकअपचे वास. किळस आली.

साळुबाई ताक वाढत होती. ती माझ्या पंक्तीला आली तेव्हा गेणभाऊंनी पलीकडून विचारलं, ताकात पाणी किती टक्के गं साळू? अख्खा मांडव हसला. तिनं तांब्या खाली ठेवला. मागच्या दारानं गेली, जेवली पण नाही. घरातल्याच एका सुनेनं मग ताक वाढलं.

मी हसले नाही. मला खोकला आला होता.

२ मे, शुक्रवार
दोन आकड्यांवर कोर्टसुद्धा निकाल देणार नाही, म्हणून तिसरी टेस्ट. घोडेगावातलीच लॅब. पण या वेळी शास्त्रशुद्ध. पाटीवरचा पहिला नियमच आहे, कॅन नीट ढवळून मगच सॅम्पल घ्यावे. दूध उभं राहिलं की साय वर येते, खालचं पातळ, आकडा चुकतो. रक्ताचं वेगळं काय असणार? गेल्या दोन्ही वेळी मी एसटीत बसून बसून गेले होते. सगळं खाली बसलेलं.

म्हणून लॅबच्या जिन्यावर वीसदा वर-खाली केलं. दंड गोल फिरवले. आत जाऊन म्हटलं, आता घ्या पटकन. लॅबवाली बाई घाबरली. मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि पंधरा मिनिटं हलू दिलं नाही. ढवळलेलं सगळं परत खाली बसलं. अडाणी लोकांच्या हातात शास्त्र गेलंय.

६ मे, मंगळवार
एफएसएच ५८.९.

तिन्ही रिपोर्ट घेऊन दवाखान्यात. आलेखाच्या कागदावर रेघ काढून नेली होती, लाल शाईनं. ३१, ७, ५८. रेघ आमच्या गल्लीतल्या कुत्र्यासारखी, कुठूनही कुठंही. मी प्रांजल मॅडमना म्हटलं, यातला खरा कोणता तेवढं सांगा, खोट्याच्या लॅबवर मी तक्रार करते.

त्यांनी कागद बाजूला ठेवले. म्हणाल्या, "तिन्ही खरे आहेत ताई. या वयात हे रोज वर-खाली होतं. एका दिवसाच्या आकड्यावरून माणसाचं काही ठरवायचं नसतं."

मी म्हटलं, बावीस वर्षं मी तेच करतेय. त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

मग विचारलं, विसरायला होतं का? मी नाही म्हटलं. रामनाथ म्हणाले, चहात मीठ, चष्मा पिठाच्या डब्यात, आणि आळेफाट्याला नळी आणायला गेली ती नळीच विसरून आली. हा माणूस सगळं लक्षात ठेवतो. म्हणजे आळेफाट्याचं पण.

रक्तासाठी गोळ्या दिल्या. घामावर, झोपेवर औषधं आहेत म्हणाल्या, पण आधी लिहून आणा. पाळीच्या तारखा, घाम कधी आला, राग कधी आला, काय विसरलं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, मी रोज डायरी लिहिते आणि खरं तेच लिहिते. खूष झाल्या. पहिल्यांदाच मला कोणीतरी शाबासकी दिली.

९ मे, शुक्रवार. दुपारी
डायरी उघडून मॅडमसाठी तक्ता करायला बसले. पाच रकाने: तारीख, पाळी, घाम, राग, विसरलं. सुरुवात ३ एप्रिलपासून.

३ एप्रिल. पाळी: नाही. घाम: हो. राग: हो. विसरलं: काही नाही.

खात्री करायला म्हणून पान परत वाचलं. "मशीन धुतलं, पदरानं तोंड पुसलं, साळुबाईचं सॅम्पल लावलं."

परत वाचलं.

पाटीवरचा दुसरा नियम, माझ्याच अक्षरात: मशीन धुतल्यानंतरचे पहिले सॅम्पल धरू नये. नळीत धुतलेलं पाणी राहतं. पहिलं सॅम्पल फेकायचं, दुसरं लावायचं. मी हे नवीन आलेल्या प्रत्येकाला शिकवलंय.

फेकलं असणार. सवयच आहे. लिहायचं राहिलं असेल. इतकं बारीक कोण लिहितं?

१० मे, शनिवार. सकाळी ११
संकलन संपल्यावर दार लावलं. घरच्या गाईचं दूध, माझ्या हातानं काढलेलं. मशीन धुतलं, लगेच सॅम्पल लावलं. पाणी १०.६ टक्के. दुसरं लावलं. पाणी शून्य.

परत धुतलं. पाणी ११. मग शून्य.

तिसऱ्यांदा पण तेच. इथं सरासरीची गरज पडली नाही.

मला माझीच शिसारी आली. एवढंच लिहिते.

११ मे, रविवार
साळुबाईकडं जायचं ठरवलं. पण रविवारी घरी पाहुणे असतात. उद्या जाणार.

१२ मे, सोमवार
पौर्णिमा. सणाच्या दिवशी कशाला जुनं उकरायचं. उद्या नक्की.

रामनाथना सगळं सांगितलं. त्यांनी उठून माझ्या चपला उंबऱ्यापाशी, तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवल्या.

१३ मे, मंगळवार
गेले.

साळुबाई ओसरीवर कांद्याच्या पाती निवडत बसली होती. मला बघून उठली नाही. वाटेतच भडका उठला होता, पदर भिजलेला. ती म्हणाली, "पंख्याखाली बस आधी. घाम बघ किती आलाय."

मी बसले नाही. उभ्यानंच सांगून टाकलं. नळीत पाणी होतं. माझं चुकलं. तुझ्या दुधात काही नव्हतं.

ती पाती निवडतच राहिली. मग म्हणाली, "मला म्हाईत व्हतं. तू मशीन धुतलेलं मी बघितलं व्हतं."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

"बोलले की. परत लाव म्हणले. तू पाटी दाखवलीस."

मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन रडले, नाकातून पाणी, सगळं घाण. हे हार्मोनमुळं नव्हतं, हे लिहून ठेवते. तिनं पाणी दिलं. मग शांतपणे म्हणाली की लोकांत म्हणालीस, तर लोकांतच सांग. मला एकटीला सांगून काय उपेग. हळदीला मी उपाशी घरी आले, तवा तू तोंडाला पदर लावून बसली व्हतीस.

मी खोकल्याचं सांगणार होते. सांगितलं नाही.

१४ मे, बुधवार. सकाळी
सांगितलं. पूर्ण रांगेसमोर, पाटीखाली उभं राहून. साळुबाई दारात हात बांधून उभी. कॉम्प्रेसर बंद होतं, पत्रा थंड होता, तरी नेमकं तेव्हाच डोक्यातून घामाच्या धारा. सगळे बघत होते. मी म्हटलं, ३ एप्रिलला पाणी साळुबाईच्या किटलीत नव्हतं, माझ्या मशीनच्या नळीत होतं. पहिलं सॅम्पल फेकायचं मी विसरले. मला आजकाल विसरायला होतं.

मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ दे ताई, चुकतं माणसाचं.

गेणभाऊंना या वेळी सगळं स्वच्छ ऐकू आलं. त्यांनी बंडीच्या खिशातून दूध परत केल्याची घडी घातलेली एक स्लिप काढली. सहा वर्षांपूर्वीची. म्हणाले, "मंग माझ्या म्हशीचं बी तेच झालं आसंल न्हवं का?" त्यांच्या मागच्यानं श्रावणातलं काढलं. त्याच्या मागच्यानं त्याच्या वडिलांच्या वेळचं. साडेदहापर्यंत दूध बाहेरच उभं होतं आणि प्रत्येकजण म्हणत होता, परत लाव.

बावीस वर्षांचा विश्वास एका सकाळीत गेला. साळुबाई कधी निघून गेली ते दिसलंच नाही.

१५ मे, गुरुवार
साळुबाई आली. किटली घेऊन. रांगेत शेवटी उभी राहिली, मी पुढं बोलावलं तरी आली नाही.

किटली ढवळली. मशीन धुतलेलं होतं म्हणून पहिलं सॅम्पल तिच्या डोळ्यांदेखत फेकलं. दुसरं लावलं. फॅट ३.९. पाणी शून्य. मोठ्यानं वाचलं, गेणभाऊंसाठी परत एकदा वाचलं. कट्ट्यावरचे रिकामे कॅन मी पहाटेच हलवून ठेवले होते, ती टेकेल म्हणून.

मी दूध ओतून घ्यायला माप पुढं केलं. तिनं झाकण लावलं.

म्हणाली, "दूध तिकडंच घालते आता. हितं निस्तं मोजायला आणलं व्हतं."

किटली डोक्यावर घेतली. दारात थांबून म्हणाली, रात्री मानेवर ओलं फडकं ठेवत जा, बरं वाटतं. आणि गोळ्या चुकवू नको. मग ओढ्याच्या वाटेला लागली.

तक्ता पूर्ण केला. पाळी: नाही. घाम: चार वेळा. राग: एकदा, स्वतःवर. विसरलं: काही नाही.

दुपारी रॉकेल लावून पाटीवरचा पाचवा नियम घासला. लाल रंग जुना आहे, पूर्ण गेला नाही. अजून वाचता येतो.